चुकांच्या रकान्यात न मावणारे क्षेत्ररक्षण

प्रश्न : परभणी जिल्ह्यातील एका माध्यमिक शाळेत मी अकरा वर्षांपासून क्रीडाशिक्षक आहे. आमच्या मुलींच्या सॉफ्टबॉल संघात शॉर्टस्टॉपला (म्हणजे सेकंड आणि थर्ड बेस या धावकाने गाठायच्या टप्प्यांच्या मध्ये) खेळणाऱ्या मुलीच्या नावावर या हंगामात सात चुका लागल्या आणि थर्ड बेसवरच्या मुलीच्या नावावर एकही नाही. काही पालक आणि सहकारी शिक्षक म्हणतात की, शॉर्टस्टॉपची मुलगी बदला. मला मात्र तीच संघातली सर्वांत चांगली क्षेत्ररक्षक वाटते. पण ते इतरांना कसे पटवावे, हे सुचत नाही. बेसबॉलच्या इतिहासात प्रत्येक जागेवरचा सर्वश्रेष्ठ क्षेत्ररक्षक कोणाला मानावे आणि ते कोणत्या कसोटीवर ठरवावे, हे आपण सविस्तर लिहिले, तर मुलींनाही वाचून दाखवता येईल.

उत्तर : आपल्या शॉर्टस्टॉपची जागा बदलू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याचे कारण सर्वश्रेष्ठ क्षेत्ररक्षकांच्या वादातच सापडते, म्हणून दोन्ही प्रश्नांना एकत्रच उत्तर देतो.

चूक केव्हा लिहिली जाते, ते आधी पाहू. साधारण प्रयत्नाने जो फलंदाज किंवा धावक बाद व्हायला हवा होता, तो क्षेत्ररक्षकाच्या हातून सुटला, असे गुणलेखकाचे मत झाले, तर चूक नोंदली जाते. चेंडू क्षेत्ररक्षकाच्या हाताला न लागता चार हातांवरून निघून गेला, तर तो फलंदाजाचा हिट (यशस्वी फटका) ठरतो आणि क्षेत्ररक्षकाची नोंद स्वच्छ राहते. म्हणजे जी मुलगी उडी घेऊन चेंडूपर्यंत पोहोचते आणि दहांपैकी एकदा फेक चुकवते, तिच्या नावापुढे चूक लागते. जी जागेवरून हललीच नाही, तिच्या नावापुढे काहीच लागत नाही. त्यातून आपल्याकडची बहुतेक शालेय मैदाने मुरमाची किंवा उन्हाने तडकलेल्या काळ्या मातीची असतात. तिथे चेंडू कुठे उसळेल, याचा भरवसा नसल्यामुळे जी जास्त चेंडूंवर जाते, तिला जास्त वाईट उसळ्यांना तोंड द्यावे लागते.

खो-खोमध्ये ही अडचण येत नाही. संरक्षकाने मैदानात किती वेळ काढला, ते घड्याळच सांगते. २०२० साली अर्जुन पुरस्कार मिळालेल्या सारिका काळे यांच्या धाराशिव जिल्ह्यात कोणीही खो-खोप्रेमी आवडत्या खेळाडूचे संरक्षण मिनिटे आणि सेकंद मोजून सांगेल. बेसबॉलमध्ये क्षेत्ररक्षण मोजण्याचे असे सरळ साधन फार काळ नव्हते. बाद आणि साहाय्य (दुसऱ्याला बाद करता यावे म्हणून केलेली फेक) यांच्या बेरजेत चुका मिळवून त्या एकूण संख्येने मूळ बेरजेला भागायचे आणि टक्केवारी काढायची, एवढीच रीत होती. पुढे बिल जेम्स या अमेरिकी अभ्यासकाने दर नऊ डावांमागे क्षेत्ररक्षकाने किती बाद आणि साहाय्ये मिळवली, हे मोजण्याचा आग्रह धरला आणि त्यामुळे लोकांचे लक्ष चुकांवरून खेळाडूच्या आवाक्याकडे वळले. २०१५ पासून अमेरिकेच्या मेजर लीग या सर्वोच्च व्यावसायिक स्पर्धेतील सर्व मैदानांवर कॅमेरे आणि रडार यांच्या मदतीने चेंडूचा वेग, दिशा आणि क्षेत्ररक्षकाची धाव टिपली जाते. त्यामुळे एखादा चेंडू पकडणे किती अवघड होते, हे आज आकड्यात सांगता येते. जुन्या खेळाडूंसाठी मात्र साहाय्यांचे आकडे, डबल प्ले (एकाच चेंडूवर दोघे बाद), प्रतिस्पर्ध्यांनी घेतलेली धास्ती आणि शिल्लक राहिलेले चित्रण यांवरच निर्णय करावा लागतो.

आता एकेक जागा घेऊ, आणि सुरुवात थर्ड बेसपासून करू. कारण या जागेबद्दल माझ्या मनात कसलीच शंका नाही. बाल्टिमोर ओरिओल्सचे ब्रूक्स रॉबिन्सन तेवीस हंगाम एकाच संघाकडून खेळले आणि १९६० ते १९७५ अशी सलग सोळा वर्षे त्यांनी गोल्ड ग्लोव्ह हा क्षेत्ररक्षणाचा मानाचा पुरस्कार मिळवला. उजव्या हाताने खेळणाऱ्या फलंदाजांचे जोरकस फटके बहुधा याच कोपऱ्यात येतात. डोळ्याचे पाते लवते न लवते तोच चेंडू अंगावर आलेला असतो आणि तो अडवल्यावर संपूर्ण मैदान ओलांडून फर्स्ट बेसपर्यंत फेकावा लागतो. १९७० च्या वर्ल्ड सिरीजमध्ये, म्हणजे मेजर लीगच्या अंतिम मालिकेत, सिनसिनाटी रेड्सविरुद्ध रॉबिन्सन यांनी जे केले, ते आजही क्षेत्ररक्षणाचे सर्वोच्च प्रदर्शन मानले जाते. पण आपल्या संघातील मुलींना आवर्जून सांगावी अशी गोष्ट निराळीच आहे. त्या मालिकेत त्यांच्याकडे आलेल्या पहिल्याच चेंडूवर त्यांची फेक चुकली होती आणि गुणपत्रकात त्यांच्या नावावर चूक लागली होती. त्याच सामन्यात पुढे ली मे या फलंदाजाने रेषेला चिकटून मारलेला चेंडू बेसच्या मागे, रेषेबाहेर धावत जाऊन रॉबिन्सन यांनी उलट्या हाताने अडवला, आणि तोल सावरण्यासाठी न थांबता, गिरकी घेतच फर्स्ट बेसकडे फेकला. चेंडू एक टप्पा घेऊन पोहोचला आणि मे बाद झाले. तिसऱ्या सामन्यात जॉनी बेंच यांचा जमिनीलगतचा जोरदार फटका त्यांनी आडवी झेप घेऊन झेलला. बाल्टिमोरने मालिका ४-१ अशी जिंकली आणि मालिकेतील सर्वोत्तम खेळाडूचा मान रॉबिन्सन यांनाच मिळाला. पहिल्या चुकीनंतर ते बेसपासून दोन पावले मागे सरून सावधपणे खेळले असते, तर पुढचे काहीच घडले नसते. आजच्या पिढीत नोलान अरेनाडो यांनी २०१३ पासून सलग दहा गोल्ड ग्लोव्ह मिळवले आणि त्यांचा आवाका आधुनिक मापांनीही सिद्ध झाला आहे; तरीही मी रॉबिन्सन यांनाच पहिले स्थान देतो.

शॉर्टस्टॉपला ऑझी स्मिथ. सान दिएगो आणि नंतर सेंट लुइस या संघांकडून खेळताना त्यांनी १९८० ते १९९२ या काळात सलग तेरा गोल्ड ग्लोव्ह मिळवले. कारकिर्दीत ८,३७५ आणि १९८० च्या एकाच हंगामात ६२१ साहाय्ये, हे दोन्ही शॉर्टस्टॉपसाठीचे विक्रम त्यांच्याच नावावर आहेत. आपल्या वादाचे उत्तर या आकड्यांत आहे, कारण साहाय्य मिळवण्यासाठी आधी चेंडूपर्यंत पोहोचावे लागते. १९७८ च्या एप्रिलमध्ये, पहिल्याच हंगामात, अटलांटाच्या जेफ बरोज यांचा फटका अडवण्यासाठी स्मिथ सेकंड बेसच्या दिशेने डावीकडे झेपावले. तेवढ्यात चेंडू वाकडा उसळून त्यांच्या मागे गेला, तेव्हा हवेत असतानाच त्यांनी उघडा उजवा हात मागे नेऊन तो पकडला आणि उठून बरोज यांना बाद केले. मुरमाच्या मैदानावर खेळणाऱ्या मुलीला या प्रसंगातली अवघड गोष्ट वेगळी समजावून सांगावी लागणार नाही. या जागेवर ओमर व्हिज्केल यांचे अकरा गोल्ड ग्लोव्ह आहेत. रॉबिन्सन यांच्या शेजारी खेळणाऱ्या मार्क बेलँजर यांची फलंदाजीची सरासरी कारकिर्दीभर .२२८ इतकी तोकडी होती, तरी केवळ हातांच्या जोरावर ते संघात अनेक वर्षे टिकले आणि त्यांनी आठ गोल्ड ग्लोव्ह मिळवले. एवढे असूनही ऑझींच्या पुढे कोणाला ठेवावे, असे मला वाटत नाही.

सेकंड बेसबद्दल मतभेद आहेत. रॉबर्टो अलोमार यांचे दहा गोल्ड ग्लोव्ह हा या जागेवरचा विक्रम आहे आणि बरेच लोक तेवढ्यावर निकाल देतात. माझे मत पिट्सबर्गच्या बिल मॅझरॉस्की यांच्या बाजूने आहे. या जागेचे मुख्य काम डबल प्ले पुरा करण्याचे असते : शॉर्टस्टॉपकडून आलेला चेंडू घ्यायचा, पायाने बेसला स्पर्श करायचा, अंगावर घसरत येणाऱ्या धावकाला चुकवायचे आणि फर्स्ट बेसला फेकायचे. मॅझरॉस्की चेंडू ग्लोव्हमध्ये थांबू देत नसत. तो ग्लोव्हला लागून जणू थेट उजव्या हातात येई. सेकंड बेसमन म्हणून त्यांनी १,७०६ डबल प्ले केले आणि १९६६ च्या एका हंगामात १६१. हे दोन्ही विक्रम टिकून आहेत. १९६० च्या वर्ल्ड सिरीजच्या सातव्या सामन्यात होमरन मारून त्यांनी न्यू यॉर्क यांकीजना हरवले आणि दुर्दैवाने बहुतेक लोक त्यांना त्या एका फटक्यासाठीच ओळखतात. २००१ साली त्यांना हॉल ऑफ फेम या बेसबॉलच्या सन्मानदालनात घेतले गेले, तेव्हा त्यांच्या बॅटपेक्षा त्यांच्या हातांचा सन्मान झाला, आणि तो फार उशिरा झाला, असे मला मनापासून वाटते.

कॅचरच्या, म्हणजे फलंदाजामागे बसून चेंडू घेणाऱ्याच्या, जागेवर मी स्वतः अनेकदा मत बदलले आहे. बेंच यांनी १९६८ पासून सलग दहा गोल्ड ग्लोव्ह मिळवले आणि फेकीचा हात पाठीमागे सुरक्षित ठेवून एका हाताने चेंडू घेण्याची पद्धत रूढ केली. इव्हान रॉड्रिगेझ यांचे तेरा गोल्ड ग्लोव्ह आहेत. होमप्लेटपासून (फलंदाजाच्या जागेपासून) सेकंड बेस सुमारे १२७ फूट दूर असतो आणि एवढ्या अंतरावर फेक करून त्यांनी बेस चोरू (फटक्याविना पुढचा बेस गाठू) पाहणाऱ्या दर शंभर धावकांपैकी जवळजवळ ४६ जण बाद केले. सेंट लुइसचे यादिएर मोलिना यांचे गोल्ड ग्लोव्ह नऊच. पण २००४ ते २०२२ या एकोणीस हंगामांत धावकांना त्यांची एवढी धास्ती होती की, कित्येक जण चोरीचा प्रयत्नच करत नसत. न झालेला प्रयत्न कोणत्या रकान्यात लिहिणार? शिवाय पिचरला (चेंडू टाकणाऱ्याला) सांभाळणे, जमिनीवर आपटलेला चेंडू अंगाने अडवणे आणि कडेचा चेंडू पंचांना नीट दिसेल असा स्थिर हाताने घेणे, या तिन्ही गोष्टींत ते पारंगत होते. रॉड्रिगेझ आणि मोलिना दोघेही पोर्तो रिको बेटावरचे, आणि मोलिनांचे दोन थोरले भाऊही मेजर लीगमध्ये कॅचरच होते. आज मला विचाराल, तर मी मोलिना यांचे नाव घेईन. ज्यांना नुसती फेक महत्त्वाची वाटते, त्यांनी रॉड्रिगेझ म्हटले, तर त्यांच्याशी भांडणार नाही.

सेंटर फील्डला, म्हणजे मैदानाच्या मागच्या भागात मधोमध, विली मेज. २९ सप्टेंबर १९५४ रोजी वर्ल्ड सिरीजच्या पहिल्या सामन्यात, आठव्या डावात २-२ अशी बरोबरी आणि फर्स्ट व सेकंड बेसवर धावक असताना, क्लीव्हलंडच्या व्हिक वर्ट्झ यांनी न्यू यॉर्कच्या पोलो ग्राउंड्सवर खोलवर मारलेला चेंडू त्यांनी होमप्लेटकडे पाठ करून धावत जाऊन खांद्यावरून झेलला. त्या झेलाचे छायाचित्र जगभर गेले. मला मात्र झेलानंतरची फेक त्याहून मोठी वाटते. मेज जागच्या जागी वळून फेकते झाले नसते, तर इतक्या लांबच्या झेलावर सेकंड बेसवरचे लॅरी डोबी होमप्लेटपर्यंत पोहोचण्याची पुरी शक्यता होती. प्रत्यक्षात ते थर्ड बेसवरच थांबले, धाव झाली नाही आणि न्यू यॉर्कने दहाव्या डावात सामना जिंकला. गोल्ड ग्लोव्ह तोवर सुरूच झाला नव्हता. तो १९५७ मध्ये सुरू झाल्यावर मेज यांनी पहिल्या वर्षापासून सलग बारा वर्षे तो मिळवला. कुरासाओ बेटावरचे अँड्रू जोन्स यांनीही १९९८ ते २००७ सलग दहा मिळवले. ते डोक्यावरून जाणाऱ्या चेंडूची भीती न बाळगता पुष्कळ पुढे उभे राहत आणि इतरांसाठी हिट ठरणारे चेंडू आरामात घेत. केवळ आवाक्याचे माप लावले, तर जोन्स पुढे जाऊ शकतात, हे मी मान्य करतो.

येथे एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. १९४७ साली जॅकी रॉबिन्सन यांनी बंदी मोडेपर्यंत मेजर लीगमध्ये कृष्णवर्णीय खेळाडूंना प्रवेश नव्हता. त्यांच्या वेगळ्या लीगमध्ये ऑस्कर चार्ल्सटन यांच्यासारखे सेंटर फील्डर होऊन गेले, ज्यांच्या आवाक्याची वर्णने मेज यांच्या तोडीची आहेत. पण त्या सामन्यांचे चित्रण जवळजवळ नाही आणि नोंदीही तुटक आहेत. त्यामुळे मी केलेली निवड एका अन्यायाच्या चौकटीत झालेली आहे, याची मला जाणीव आहे.

राइट फील्डला पिट्सबर्गचे रॉबर्टो क्लेमेंट. मेज यांच्याप्रमाणेच त्यांचेही बारा गोल्ड ग्लोव्ह आहेत आणि भिंतीच्या कोपऱ्यातून थेट थर्ड बेसवर फेक करणारा त्यांच्यासारखा हात पुन्हा दिसला नाही. हेही पोर्तो रिकोचेच. २३ डिसेंबर १९७२ रोजी निकाराग्वातील मानाग्वा शहरात भूकंप झाला आणि ३१ डिसेंबरला मदतसामग्री घेऊन निघालेले त्यांचे विमान समुद्रात कोसळले. त्यांचा मृतदेहही सापडला नाही. हॉल ऑफ फेमसाठीची पाच वर्षांची अट बाजूला ठेवून १९७३ मध्येच त्यांना तो सन्मान दिला गेला. ३० सप्टेंबर १९९३ ची किल्लारीची पहाट ज्यांनी अनुभवली आणि त्यानंतर दूरदूरहून मदत घेऊन आलेली माणसे पाहिली, त्या लातूर-धाराशिवच्या वाचकांना क्लेमेंट परके वाटणार नाहीत.

उरलेल्या जागा थोडक्यात. फर्स्ट बेसला अकरा गोल्ड ग्लोव्ह मिळवणारे कीथ हर्नांडेझ. त्यांच्याविषयी पुढे एका प्रश्नाच्या निमित्ताने लिहिले आहे. लेफ्ट फील्ड ही तुलनेने सोपी जागा मानली जाते आणि तिथे आठ गोल्ड ग्लोव्ह असलेले बॅरी बाँड्स किंवा बॉस्टनच्या फेनवे पार्कमधील ३७ फूट उंच भिंतीवरून परतणारा चेंडू अचूक ओळखणारे कार्ल यास्त्रझेम्स्की यांपैकी कोणीही चालेल.

आता आपल्या संघाकडे येतो. गुणवहीत चुकांच्या शेजारी एक नवा रकाना आखा आणि शॉर्टस्टॉप व थर्ड बेस यांच्या बाजूला गेलेल्या प्रत्येक जमिनीवरच्या चेंडूपुढे कोण पोहोचली, कोणी बाद केले आणि चेंडू कोणाच्या बाजूने निसटला, एवढे लिहा. पाच-सहा सामन्यांनंतर ते पान पालकांपुढे ठेवा. सात चुकांच्या बाजूला तिने मिळवलेले बाद मांडले गेले की, मुलीचे काम त्यांना दिसेल. थर्ड बेसवरच्या मुलीलाही ते पान दाखवा, पण दुखावेल अशा शब्दांत नको. तिला डावीकडे एक पाऊल जास्त टाकायला शिकवण्यासाठी त्याचा उपयोग व्हावा.

प्रश्न : लातूरच्या महाविद्यालयात शिकणारा मी बेसबॉलचा चाहता आहे. ग्रेग मॅडक्स यांना अठरा गोल्ड ग्लोव्ह मिळाले आहेत आणि इतके दुसऱ्या कोणालाही मिळालेले नाहीत. मग सर्व जागा मिळून तेच सर्वश्रेष्ठ क्षेत्ररक्षक का मानू नयेत?

उत्तर : पिचरच्या जागेवर मॅडक्स यांनाच मानावे. चेंडू टाकून झाल्यावर ते तोल सांभाळून, फलंदाजाकडे तोंड करून उभे राहत आणि अंगावर आलेला फटका सहज अडवत. त्यांच्याआधी जिम कॅट यांनीही या जागेवर सलग सोळा मिळवले होते. परंतु पिचरकडे एका सामन्यात मोजकेच चेंडू येतात आणि तो चार-पाच दिवसांतून एकदा खेळतो. शॉर्टस्टॉप रोज उभा असतो आणि सामन्याचा कल ठरवणारे कित्येक चेंडू त्याच्या वाट्याला येतात. दोन वेगळ्या जागांवरच्या पुरस्कारांची संख्या समोरासमोर ठेवून काही सिद्ध होत नाही. क्रिकेटमध्येही एकनाथ सोलकर यांनी २७ कसोटींत घेतलेल्या ५३ झेलांचे मोल ते बहुतांशी बॅटजवळ, शॉर्ट लेगला घेतले होते, हे ध्यानात घेतल्यावरच कळते.

पुरस्काराची मर्यादाही आपण लक्षात घ्यावी. गोल्ड ग्लोव्हसाठी संघांचे व्यवस्थापक आणि प्रशिक्षक मत देतात, स्वतःच्या संघातील खेळाडूला मात्र देता येत नाही. दुसऱ्या संघाचा खेळाडू ते वर्षातून मोजक्या वेळा पाहतात, त्यामुळे नावलौकिक आणि फलंदाजी यांचा प्रभाव मतांवर पडत आला आहे. १९९९ मध्ये टेक्सासचे राफाएल पाल्मेरो यांना फर्स्ट बेसचा गोल्ड ग्लोव्ह मिळाला, तेव्हा त्या हंगामात ते फर्स्ट बेसवर फक्त २८ सामने खेळले होते. बाकी काळ ते केवळ फलंदाजी करत होते. २०१३ पासून निवडीत सुमारे एक चतुर्थांश वजन आकडेवारीला दिले जाते, ही सुधारणा मला योग्य वाटते. तीनही आउटफील्ड जागांना (लेफ्ट, सेंटर आणि राइट फील्ड) स्वतंत्र पुरस्कार २०११ पासून पुन्हा मिळू लागले. १९६१ ते २०१० या काळात तिन्ही जागा एकत्रच धरल्या जात आणि बहुधा सेंटर फील्डर बाजी मारत. म्हणून जुन्या काळातील लेफ्ट फील्डरांची पुरस्कारांवरून तुलना करताना विशेष सावध राहावे.

प्रश्न : माझा मुलगा तेरा वर्षांचा आहे आणि डावखुरा आहे. जालन्यात तो बेसबॉलच्या सरावाला जातो. त्याला शॉर्टस्टॉप व्हायचे आहे, पण त्याचे सर त्याला तिथे उभेच करत नाहीत. हा त्याच्यावर अन्याय नाही का?

उत्तर : आपली काळजी मी समजू शकतो, पण सरांच्या निर्णयाला खेळाच्या रचनेचे कारण आहे. शॉर्टस्टॉप, थर्ड बेस आणि सेकंड बेस या जागांवरून मुख्य फेक फर्स्ट बेसकडे जाते. उजव्या हाताचा खेळाडू चेंडू अडवून पाऊल टाकतो आणि फेकतो. डावखुऱ्याला मात्र त्यासाठी आधी संपूर्ण शरीर वळवावे लागते. ९० फूट धावायला चांगल्या धावकाला चार सेकंदांच्या आसपास लागतात, तेव्हा वळण्यात गेलेला अर्धा क्षणही महाग पडतो. अपवाद म्हणून नऊ गोल्ड ग्लोव्ह मिळवणारे डावखुरे फर्स्ट बेसमन डॉन मॅटिंगली १९८६ मध्ये तीन सामने थर्ड बेसवर खेळले होते. पण ते तेवढ्यापुरतेच. गंमत अशी की, ज्यांना मी वर थर्ड बेसचे सर्वश्रेष्ठ म्हटले, ते ब्रूक्स रॉबिन्सन मूळचे डावखुरेच होते. ते चेंडू उजव्या हाताने फेकत आणि त्यांचा ग्लोव्ह डाव्या, म्हणजे अधिक कुशल हातात असे. आपला मुलगा उजव्या हातानेही सहज फेकू शकत असेल, तर ती शक्यता सरांशी बोलून पाहावी. नसेल, तर त्याच्यावर जबरदस्ती करू नये.

फर्स्ट बेसवर मात्र डावखुरेपणाचा थेट फायदा आहे. ग्लोव्ह उजव्या हातात असल्याने मैदानाच्या आतील मोकळी जागा सहज झाकली जाते आणि सेकंड किंवा थर्ड बेसला फेकताना वळावे लागत नाही. कीथ हर्नांडेझ डावखुरेच होते. समोरचा फलंदाज बंट करणार (चेंडू बॅटने हलकेच जवळ पाडणार) असे दिसले की, ते होमप्लेटच्या दिशेने धावत येत आणि चेंडू उचलून थेट थर्ड बेसला फेकत. पुढचा धावकच बाद झाल्यामुळे बंटचा सारा डाव फुकट जाई. त्यांच्या संघातील इतर क्षेत्ररक्षक बिनधास्त फेकत, कारण आखूड पडलेला चेंडू ते टप्प्यावरच उचलतील, याची त्यांना खात्री असे. असा चेंडू उचलला गेला की, फेकणाऱ्याच्या नावावरची चूक टळते आणि उचलणाऱ्याच्या नावावर साधा एक बाद लागतो. आपल्या मुलाला सरावानंतर रोज पंधरा-वीस मिनिटे पायापुढे आपटणाऱ्या फेका घ्यायला लावा, आणि त्या फेका त्याच्या संघातील शॉर्टस्टॉपकडूनच करून घ्या.